सात पावलांची सावली

१९ मार्च

प्रिय बुलबुल,

अक्षर ओळखीचं वाटलं तर लगेच फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल फाड.

कशी आहेस? तुझी तब्येत बरी असेल आणि घरचेही मजेत असतील, असं धरून चालते. इकडे आमचं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढलाय. नवरा निवृत्त झाल्यापासून बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतो आणि धड असलेल्या बिघडवतो. मुलगी शिकायला बाहेर आहे. आई माझ्याकडेच असते. तिचे कान गेलेत, पण घरात कोण कोणावर रुसलंय ते तिला बरोबर कळतं. बाबा जाऊन बारा वर्षं झाली.

अडतीस वर्षांनी पत्र लिहायचं आणि त्यात गुडघ्यांच्या तक्रारी सांगायच्या, हे कसं दिसतं ते मला कळतंय. पण एकदम चढाला लागायची हिंमत होत नाही. थोडं सपाटीवरून चालू दे.

मी कुठे काम करते ऐकलंस तर हसशील. इस्पितळाच्या त्वचा विभागात तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे एक माणूस आत उभा राहील एवढं कपाट आहे. आतून चारी बाजूंनी नळ्या, एकूण अठ्ठेचाळीस. बटण दाबलं की निळसर जांभळा उजेड पडतो. कोडाच्या काही रोग्यांना आधी एक गोळी देतात, दोन तासांनी त्यांना या कपाटात उभं करतात. किती वेळ उभं करायचं ते तक्ता बघून मी लावते. पहिल्या दिवशी थोडं, मग जरा जास्त, मग आणखी जरा. बाहेर आले की काळा चष्मा देते आणि बजावते, संध्याकाळपर्यंत काढायचा नाही. तेवीस वर्षं हेच करतेय. नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली होती, "कोड असलेल्या पोरीला कोडाचंच खातं मिळालं? जगात दुसरी खाती नव्हती?"

महिन्यापूर्वी आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना एका खोलीत बसवून भाषण दिलं, भिंतीवर चित्रं दाखवत. मी शेवटच्या खुर्चीवर, मनात घरी जाताना काय काय घ्यायचं त्याची यादी. तेवढ्यात एक चित्र आलं आणि मी ताठ झाले. जुन्या हस्तलिखिताचं पान, कडा किड्यांनी खाल्लेल्या. उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं, तुझ्या अब्बांच्या, आमच्या हकीमचाचांच्या दुकानातल्या पुस्तकांत होती तशी. शेजारी एक रोप काढलेलं, त्याला छत्रीसारखी पांढरी फुलं. बाई म्हणाल्या, "कित्येक शतकांपूर्वीच्या हकिमांना हे ठाऊक होतं. या झाडाचं बी कुटून रोग्याला द्यायचं, बाकी अंग झाकायचं, डाग तेवढा उघडा ठेवायचा आणि त्याला उन्हात बसवायचं."

पुढचं चित्र आलं, आणि भिंतीवर चाचांच्या पुडीतली बावची. काळं, चपटं बी, भिंतीएवढं मोठं केलेलं. मला तर त्याचा वास आला.

"हे झाड वेगळं," बाई सांगत होत्या. "आधीच्या झाडाशी याचं काही नातंगोतं नाही. हेही हकिमांनी कोडासाठीच वापरलं. आणि गंमत अशी, की दोन्हींच्या पोटात एकाच जातीचा पदार्थ आहे." मग त्यांनी खिशातून आमची रोजची गोळी काढून वर धरली. "या गोळीतही तोच."

बुलबुल, ती गोळी मी तेवीस वर्षं रोग्यांच्या तळहातावर ठेवतेय.

बाईंनी सांगितलं, तो पदार्थ अंधारात काही म्हणजे काही करत नाही. रक्तातून कातडीपर्यंत जातो आणि गप्प बसून राहतो. उजेड अंगावर पडला की जागा होतो. एका परिचारिकेनं विचारलं, "पण त्या लोकांना हे कळलं कसं? बी खाऊन सावलीत बसलं तर काही नाही, आणि उन्हात बसलं तरच गुण?" बाई म्हणाल्या, "बघून. पिढ्यान्‌पिढ्या, एकेका रोग्याकडे नीट बघून." भाषण म्हटलं की हमखास घोरणारा आमचा कारकूनसुद्धा डोळे उघडे ठेवून बसला होता.

माझ्यासमोर चाचा उभे राहिले. गल्लीच्या तोंडाशी ते दोन पायऱ्यांचं दुकान, लाकडी खणांची भिंत, पितळी तराजू. गुंजांनी तोलून पुड्या बांधायचे. पहिल्या दिवशी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन त्यांनी ते डाग असे बघितले, जसं कोणी नकाशा बघतं. बाकी सगळे नजर चुकवायचे. मग म्हणाले, "घड्याळ घेऊन बसू नकोस बेटा. घड्याळाला ऊन कळत नाही, सावलीला कळतं. सकाळी आपली सावली आपल्याच पावलांनी सात भरली की बस. साडेसहा झाली की ऊठ. आधी डावा हात. उजवा झाकलेला. आणि संध्याकाळपर्यंत डोळ्यांवर ओढणी."

तू रोज आमच्या गच्चीवर यायचीस. तू खडूनं दोन रेघा मारल्या होत्यास, एक सात पावलांवर, दुसरी साडेसहावर. मी डोळे मिटून बसायचे आणि तू उभी राहून तुझ्या सावलीवर पहारा ठेवायचीस, तोंडाचा पट्टा चालूच. दुसऱ्या रेघेला सावली टेकली की ओरडायचीस, "ऊठ काडी!"

भाषणाच्या दुसऱ्या दिवशी, नळ्यांचा उजेड तपासायचं आमचं मापक घेऊन मी इस्पितळाच्या गच्चीवर गेले. टाचेला चवडा लावत सावली मोजली. सात भरली तेव्हा मापक उन्हात धरलं आणि साडेसहा होईपर्यंत हलले नाही. खाली येऊन आकडेमोड केली. शेजारी आमचा तक्ता ठेवला.

पहिल्या दिवसाला आम्ही जेवढा उजेड देतो, जवळजवळ तेवढाच.

मी ओळीनं तीन दिवस मोजलं. तिन्ही दिवस तेच. आमचं मापक परदेशातून येतं, दर वर्षी तपासणीला जातं. आणि चाचांकडे काय होतं? पावलं. उन्हाचा जोर सूर्य किती वर आलाय त्यावर ठरतो, आणि सूर्य किती वर आलाय ते सावली सांगते. उन्हाळा असो, थंडी असो. हे कोणीतरी केव्हातरी शोधून काढलं, शिष्याला सांगितलं, त्यानं त्याच्या शिष्याला, आणि असं करत करत ते एका चौदा वर्षांच्या पोरीच्या गच्चीपर्यंत आलं. त्या पोरीनं काय केलं, ते आता सांगायलाच हवं.

खरं तर भाषण ऐकूनही मी हे पत्र लिहिलं नसतं. नुसतीच थक्क होऊन बसले असते. पण गेल्या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई कपाटाबाहेर आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. मी बावचीचं काहीतरी बोलले. त्या म्हणाल्या, "आमच्या शेजारी एक म्हातारे हकीम राहतात. लोक लांबून येतात, पण ते औषध देत नाहीत. बावचीचं नाव काढलं की उठून आत जातात. म्हणतात, माझं वजन चुकतं."

मी विचारलं, "त्यांना मुलगी आहे?"

"आहे ना. शाळेत गणित शिकवते. बोलायला लागली की थांबत नाही."

पत्ता त्यांनीच लिहून दिला.

बुलबुल, चाचांचं वजन चुकलं नव्हतं.

शाळेच्या गाण्याच्या कार्यक्रमात मी होते, आठवतंय? सगळ्या मुलींना अर्ध्या बाह्यांचे झगे शिवले होते. गाण्याच्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तू यंदा राहू दे. पूर्ण बाह्यांत एकटी वेगळी दिसशील." कार्यक्रमाला अठरा दिवस होते. मी हिशोब केला, दहा मिनिटांनी हळूहळू गुण येणार, तर जास्त वेळानं लगेच येईल! तुला सांगितलं, उद्या आमच्याकडे पाहुणे येणारेत, येऊ नकोस. पाहुणे नव्हते. तीन दिवसांच्या पुड्या एकदम घेतल्या, डावी बाही वर केली आणि बसले. मधेच उभी राहून बघितलं, सावली साडेसहाच्या रेघेला टेकली होती. परत बसले. सावली पायाखाली आली तेव्हा उठले. अडीच तास.

त्यापुढचं तुला माहीत आहे. फोड, ताप, इस्पितळ. बाबा तुमच्या पायऱ्यांवर उभे राहून "माझ्या पोरीला विष दिलं" म्हणून ओरडले ते. तुला माहीत नाही ते एवढंच: चाचा इस्पितळात आले होते. त्यांना आत येऊ दिलं नाही. दारातून ते आईला म्हणाले, "ती किती वेळ बसली होती, तेवढं फक्त विचारा." आईनं वाकून मला विचारलं. मी म्हटलं, "सांगितलं होतं तेवढंच."

या तीन शब्दांवर तुमच्या दुकानाला टाळं लागलं. तुम्ही गेलात त्या दिवशी मी खिडकीच्या खाली, जमिनीवर बसून होते. काडी म्हणायचीस ना मला? शेवटी काडी लावलीच मी.

हे चाचांना वाचून दाखव. दाखवायचं नसेल तर तसं कर, पण त्यांचं वजन चुकत नाही एवढं तरी त्यांना सांग.

माफी मागायला तोंड नसलेली,
काडी


२ एप्रिल

काडी,

"प्रिय" लिहायला हात वळला नाही. चालवून घे.

तुझं पत्र पाच दिवस माझ्या पर्समध्ये होतं. फाडलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी अब्बांना वाचून दाखवलं. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे तीनदा वाचावं लागलं, आणि तिसऱ्या वेळी तर शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनासुद्धा पाठ झालं असेल.

मग अब्बांनी विचारलं, "किती वेळ बसली?"

"सावली पायाखाली येईपर्यंत."

"पुड्या?"

"तीन."

बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, रडतायत. खांद्यावर हात ठेवला तर म्हणाले, "मग बरोबर आहे. तेवढ्याला तेवढे फोड यायलाच हवेत." त्यांचा असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. अडलेलं गणित सुटल्यावर माझ्या वर्गातली पोरं बोलतात तसा.

मग तुमच्या कपाटाची उलटतपासणी सुरू झाली. "उन्हाला कपाटात ठेवलं म्हणतेस?" "हो अब्बा." "ढग आले तरी चालतं?" "विजेवर चालतं, त्याला ढगांचं काय!" "सुभानअल्लाह," म्हणाले. "डोळे झाकतात ना पण?" तू चष्मा देतेस ते परत वाचून दाखवलं. मान हलवली, जशी शिष्यानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवावी. तू गच्चीवर मापक घेऊन गेलीस ते मात्र चौथ्यांदा वाचायला लावलं.

जेवताना हातातला घास तसाच धरून म्हणाले, "तिला एक विचार. रंग आला का?"

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "अब्बा, तिनं आपलं घर उठवलं. अम्मी परक्या गावात झुरून गेली. आणि तुम्हाला तिच्या रंगाचं पडलंय?"

म्हणाले, "रोगी माझी होती."

तर त्यांचा प्रश्न तुला कळवला. माझं काम झालं. आता माझं ऐक.

मी अब्बा नाही. ते अडतीस वर्षं तराजू तपासत बसले, आणि मी काय तपासत होते सांगू? तुझी गच्ची. पाहुण्यांच्या आदल्या दिवशी साडेसहाची रेघ पुसट झाली होती म्हणून मी ती नव्यानं मारली होती. तू भाजलीस तेव्हा मला वाटलं, मी रेघ चुकीच्या जागी मारली, आणि मी नसताना तू तिच्यावर विसंबून बसलीस. हे मी कोणाला सांगितलं नाही. अब्बांनाही नाही, कारण मग त्यांनी माझ्यासाठी दोष स्वतःवर घेतला असता, आणि तो तर त्यांनी आधीच घेतला होता. गणिताची बाई झाले, पण पोरांच्या वह्या दोनदा तपासल्याशिवाय सही करत नाही. कुलूप लावल्यावर चार वेळा ओढून बघते. नवरा हसतो. त्याला कारण माहीत नाही.

अब्बांनी तुला माफ केलं असेल. विचारलं नाही. मी केलेलं नाही. अजून येऊ नकोस. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर पाठव, आणि लवकर पाठव. त्यांना शहाऐंशी वर्षं पुरी झालीत. पोस्टमनची सायकल वाजली की दाराकडे बघतात.

बुलबुल


९ एप्रिल

आदरणीय हकीमचाचांना,

आपल्या पायांशी बसून हे सांगायला हवं होतं. बुलबुलनं अजून येऊ नकोस म्हटलंय, आणि ते तिचं बरोबर आहे. म्हणून लिहिते. बुलबुल, चाचांना हळू वाच, आकडे दोनदा वाच.

रोग्यानं हकिमाला जे सांगायचं असतं, ते मी अडतीस वर्षं उशिरा सांगते आहे.

फोड अकराव्या दिवशी सुकले. खपल्या निघाल्या तेव्हा खालची कातडी गुलाबी होती, पांढरी नव्हती. एकोणिसाव्या दिवशी, आंघोळ करून हात पुसताना, डाव्या हाताच्या डागात मनगटाच्या वर मला एक ठिपका दिसला. तपकिरी, मोहरीएवढा. मला वाटलं, मळ आहे. घासला. गेला नाही. नीट बघितलं तर त्याच्या मधोमध एक केस होता. दोन दिवसांनी असे सात ठिपके होते, प्रत्येकाच्या मधे एक केस. तिसऱ्या महिन्यात मी त्रेचाळीस मोजले. ठिपके फुगत गेले, एकमेकांना जाऊन मिळाले. वर्षाच्या आत तळहाताएवढा डाग भरून आला. कडेला नखाएवढी एक चकती राहिली, ती अजून आहे. उजवा हात मी झाकला होता, तो आजही पांढराच आहे. म्हणजे कोणी शंका घ्यायलाही जागा नाही.

चाचा, रंग आला. आणि आला तो राहिला.

आता जे मी बुलबुलला लिहिलेल्या पत्रातही गाळलं, ते. पहिला ठिपका दिसला तेव्हा तुम्ही अजून गल्लीतच होतात. दुकान बंद होतं, पाटी उतरवलेली, पण घरात होतात. तुम्ही जायला पुरा सव्वा महिना होता. मी एक बाही वर केली असती, बाबांसमोर हात धरला असता, तर त्यांचं तोंड बंद झालं असतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, एवढी भाजलीस कशी? खरं बाहेर आलं असतं. म्हणून मी बाही खाली ओढली. डाग लपवायला जेवढी वर्षं पूर्ण बाह्या घातल्या नसतील, तेवढी रंग लपवायला घातल्या. नवऱ्याला म्हटलं, जन्मापासून असाच आहे. तुमच्या बाजूचा पुरावा माझ्या अंगावर होता आणि मी तो कोणाला दिसू दिला नाही. फोड आले ते पोरवयातलं वेड म्हणता येईल. हे नाही.

काल बाही वर करून मी डावा हात डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, अडीच तास, तीन पुड्या, तीन शब्द. त्यांनी भिंग घेतलं. कडेची चकती बघितली, केसांच्या मुळांशी बघितलं, उजवा हात शेजारी ठेवून बघितला. मग म्हणाल्या, "अडीच तासांनी तुझं वाईट झालं. पण रंग आणला तो आधीच्या दिवसांनी. ती सात पावलं बसवणारा माणूस कोण?" मी तुमचं नाव सांगितलं. पूर्ण. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि मला परत विचारून अक्षरं बरोबर आहेत का ते बघितलं.

घरी येऊन आईलाही सांगितलं. तिच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे जिन्यावरच्या सगळ्यांनाही कळलं. बरंच झालं. आई कितीतरी वेळ माझा हात मांडीवर घेऊन त्यावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "त्या दारातून त्यांना मी आत येऊ द्यायला हवं होतं."

बुलबुल, तुझी रेघ बरोबर होती. मी रोज तिच्यावर सावली टेकलेली बघितली होती, त्या दिवशीसुद्धा. केसभरही इकडे तिकडे नव्हती. याच्यापुढे तुला काही सांगायचा हक्क मला नाही.

चाचा, एक विचारायचं आहे. बोटांच्या टोकांवर आणि ओठांवर ज्यांना डाग आहेत, त्यांच्यावर आमच्या कपाटाचा फारसा उपयोग होत नाही. महिनोन्‌महिने उभे राहतात, चेहऱ्यावर रंग येतो, हातावर येतो, पण बोटांची टोकं तशीच राहतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, तिथे केस नाहीत, म्हणून रंगाला वर यायला वाट नाही. अशा रोग्यांना तुम्ही काय सांगत होतात? काही देत होतात, की नुसतं खरं सांगून घरी पाठवत होतात? बाईंनी हे स्वतः विचारायला सांगितलंय, त्यांच्या नावानं. पण मलाही जाणून घ्यायचंय, कारण त्या माणसांच्या तळहातावर गोळी ठेवताना त्यांच्या डोळ्यांकडे बघावं लागतं ते मला.

तुमचं औषध अंगावर वागवणारी आणि खोटं बोलून बरी झालेली,
तुमची रोगी